धबधबा पाहणे आणि धबधब्याचे दर्शन घेणे

पावसाळा सुरू झाला की आपल्या भागातील तरुण मंडळी धबधब्यांच्या वाटेस लागतात. कोणी आंबोलीचा घाट गाठतात, कोणी जांबोटीच्या रानातून वज्रपोह्याकडे निघतात, कोणी गोकाकला जातात, तर कोणी गोडचिनमलकीला. या जाण्याविषयी देवळाच्या कट्ट्यावर दोन मते नेहमी ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "यांना एकादशीच्या कीर्तनास चार पावले चालवत नाही, आणि चिखल तुडवीत कोसभर रानात जावयास मात्र पाय आपोआप उचलतात. हा भोग आहे, भक्ती नव्हे." तरुण उत्तर देतात, "आप्पा, देव देवळातच असतो असे तुम्हीच का म्हणता? आम्हीही देवच पाहून आलो." दोन्ही पक्ष आपापल्या घरी जातात आणि पुढच्या पावसाळ्यात हाच वाद पुन्हा होतो.

मला स्वतःला या वादात दोन्ही पक्षांनी मूळ प्रश्न बाजूस ठेवला आहे असे वाटते. जाणारा कोठे गेला, यावरून त्याचे जाणे भोग की भक्ती हे ठरत नाही. पंढरपुरास जाऊनही मनुष्य केवळ बाजार पाहून परत येऊ शकतो. खरा प्रश्न असा आहे की, पाहणे आणि दर्शन घेणे यांत भेद आहे काय, आणि असल्यास दर्शन घेणाऱ्यावर पाहणाऱ्याहून अधिक असे काही बंधन पडते काय? या प्रश्नाचा विचार आपल्याच गावाच्या नदीला धरून करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. 'तीर्थ' हा शब्द तरून जाणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. तीर्थ म्हणजे मुळात पाण्यात उतरण्याची, पलीकडे जाण्याची जागा. आपण ज्याला उतार म्हणतो तो. यावरून दिसते की आपल्या पूर्वजांच्या मनात पवित्र स्थळाची पहिली कल्पना देवळाच्या शिखराने आली नाही, ती नदीच्या काठावर आली. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे मोठे प्रकरण आहे. तेथे पुलस्त्य ऋषी भीष्मांना दोन गोष्टी सांगतात. एक अशी की यज्ञाला द्रव्य लागते, साहित्य लागते, साहाय्य करणारी माणसे लागतात. दरिद्री मनुष्याला ते साधत नाही, म्हणून त्याने तीर्थास चालत जावे. दुसरी अशी की ज्याचे हात, पाय आणि मन नीट आवरलेले आहेत त्यालाच तीर्थाचे फळ मिळते. पहिली गोष्ट तरुणांच्या बाजूची आहे, कारण रानातून चालत जाऊन पाणी पाहण्यास पैसा लागत नाही. दुसरी गोष्ट मात्र त्यांनी ऐकली पाहिजे, आणि वडीलधाऱ्यांनीही. हात आवरणे, पाय आवरणे, मन आवरणे या तीन अटी आहेत, आणि त्या स्थळाला घातलेल्या नसून जाणाऱ्याला घातलेल्या आहेत.

आता नदीकडे वळू. आपल्या कंग्राळीवरून वाहणारी मार्कंडेय नदी खानापूर तालुक्यात बैलूरच्या डोंगरात उगम पावते. राकसकोपच्या जलाशयात तिचे पाणी अडविले जाते आणि बेळगाव शहराच्या नळांना जाते. उरलेली नदी आपल्या शेतांच्या कडेने, कडोली-काकतीच्या बाजूने पूर्वेकडे निघते. पुढे हुक्केरी तालुक्यात शिरूरजवळ ती पुन्हा धरणात विसावते, आणि गोकाक तालुक्यात गोडचिनमलकी येथे दोन टप्प्यांनी खाली उडी घेते. पहिली उडी सुमारे 25 मीटरांची, दुसरी त्याहून थोडी कमी. मग गोकाकच्या परिसरात ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. ज्या डोंगरांच्या एका उतारावर मार्कंडेय आणि मलप्रभा यांचे पाणी उगवतीकडे वळते, त्यांच्याच दुसऱ्या उतारावर म्हादई मावळतीकडे वळून गोव्यात जाते. एकाच ढगाचे दोन शेजारी थेंब दोन वेगळ्या समुद्रांना जातात, हे आपल्या तालुक्याचे भाग्य आहे. पण शाळेच्या भूगोलात आम्ही ते परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो.

गोडचिनमलकीचा धबधबा बेळगावपासून सुमारे 40 किलोमीटर अंतरावर आहे. गावापासून धबधब्यापर्यंत रानातून अडीच किलोमीटरांची वाट आहे. आता वाहनही बरेच पुढे जाते, परंतु आम्ही चौघांनी गतवर्षी भाद्रपदात ते गावातच ठेवले आणि पायी निघालो. हे रान जांबोटी-कणकुंबीच्या रानासारखे नव्हे. तिकडे झाडांच्या छायेखाली दुपारीही अंधार असतो. इकडे खुरटी झुडपे, बाभळी, घाणेरीची जाळी, मध्येच एखादे कडुनिंबाचे झाड आणि तांबूस दगडांची उघडी पाठ. वाट एकाच रुंदीची नाही. कोठे बैलगाडीची, कोठे शेळ्यांची, तर कोठे केवळ पाण्याच्या ओघळाची. पाऊस नुकताच थांबलेला असल्याने दगड निसरडे होते. बोलत चालणारे आम्ही थोड्या वेळाने गप्प झालो, कारण प्रत्येकाला आपले पाऊल पाहणे भाग पडले. पाय आवरण्याची पहिली शिकवण ती वाटच देते, त्याला गुरू लागत नाही.

पाणी दिसण्याआधी पाणी ऐकू येते. आरंभी तो वाऱ्याचाच आवाज वाटतो. मग वारा थांबतो, आवाज थांबत नाही. नंतर हवेत गारवा लागतो. शेवटी झुडपांची रांग संपते आणि समोर दगडाच्या थरांची मोठी पायरी उघडी पडते. एकावर एक पोथ्या रचाव्यात तसे ते आडवे थर आहेत. वरचा थर कठीण, खालचा तुलनेने मऊ. पाणी मऊ थर पोखरते, मग वरच्या कठीण थराचा आधार जातो आणि तो तुटून पडतो. अशा रीतीने प्रत्येक धबधबा हजारो वर्षांत हळूहळू मागे, आपल्या उगमाकडे सरकत असतो. आपण त्याला अचल देवस्थान समजतो, पण तोही यात्रेकरूच आहे, केवळ त्याची चाल आपल्या आयुष्यात मोजता येत नाही. त्या दिवशी पाण्याचा रंग मातकट होता. शुभ्र दुधाची धार पाहावयास मिळेल अशी अपेक्षा असणाऱ्या आमच्यातील एकाचा विरस झाला. मला मात्र तो रंग ओळखीचा वाटला. आमच्या बांधावरची मातीही त्यात असेल असे मनात आले.

येथे मार्कंडेय ऋषींची एक कथा आठवते. सोळा वर्षांचेच आयुष्य लाभलेला, शिवलिंगाला मिठी मारून यमापासून वाचलेला बालक हे त्यांचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. वनपर्वात त्यांचीच दुसरी एक कथा आहे, ती त्यांनी पांडवांना सांगितली. प्रलयकाळी सर्वत्र पाणीच पाणी झाले असता ऋषी एकटे तरंगत होते. त्यांना वडाच्या फांदीवर एक बालक दिसले, आणि ते त्या बालकाच्या मुखातून त्याच्या उदरात गेले. आत पाहतात तो संपूर्ण पृथ्वी: गंगा, सिंधू, कृष्णा, वने, पर्वत, नगरे, यज्ञ करणारी माणसे. शंभराहून अधिक वर्षे ते चालत राहिले तरी त्या देहाचा अंत त्यांना सापडला नाही. बाहेर आल्यावर कळले की तो बालक म्हणजे नारायण. या कथेचे पुष्कळ अर्थ पंडितांनी केले आहेत. मला त्यात चालण्याविषयी काही दिसते. ऋषी ज्या रानातून चालत होते ते रान कोणाच्या तरी शरीराच्या आत होते. जो मनुष्य अशा समजुतीने रानातून चालेल त्याचे चालणे निराळे असेल. दुसऱ्याच्या पोटात शिरून कोणी बाटली फोडीत नाही, मोठ्याने गाणी वाजवीत नाही.

दर्शन या शब्दाचेही असेच आहे. देवळात आपण देव पाहावयास जातो, पण त्याहून अधिक देवाने आपल्याला पाहावे म्हणून जातो. म्हणून मूर्तीचे डोळे उघडल्याविना प्राणप्रतिष्ठा पुरी होत नाही, आणि म्हणूनच पुजारी गाभाऱ्याच्या दारात उभा राहून भाविकाची दृष्टी अडवीत नाही. दर्शनात पाहणे दोन बाजूंनी होते. नुसते पाहणे एकाच बाजूने होते. पाहणारा पाहतो आणि वस्तू पाहिली जाते. धबधब्याला डोळे नाहीत हे मलाही ठाऊक आहे. परंतु त्याच्यासमोर उभे राहिल्यावर आपले माप घेतले जात आहे, ही जाणीव कोणत्याही प्रामाणिक मनुष्यास होते.

पाश्चात्त्य विचारवंतांनीही या जाणिवेचा विचार केला आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1790 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मोठ्या नदीच्या उंच धबधब्याचे उदाहरण दिले आहे. अशा दृश्यापुढे आपले सामर्थ्य तृणवत आहे हे कळते, आणि तरीही एक उदात्त आनंद होतो; मात्र आपण सुरक्षित जागी उभे असलो तरच, असे त्याचे म्हणणे. कांटने आपला प्रांत सोडून कधी मोठा प्रवास केला नाही, तरी ही अट त्याला सुचली हे त्याच्या बुद्धीचे मोठेपण होय. भय आणि आनंद एकत्र राहण्यासाठी मध्ये अंतर लागते. आपल्याकडे त्या अंतरालाच मर्यादा म्हणतात, आणि त्या अंतरावरून जो हात जोडला जातो त्याला नमस्कार म्हणतात.

हे अंतर आज मिटविले जात आहे, आणि त्याची किंमत आपल्याच भागाने मोजली आहे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये चंदगड तालुक्यातील किटवाडच्या धबधब्यावर सहलीस गेलेल्या बेळगावच्या चार मुली बुडून गेल्या. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्या दुर्दैवी जीवांना दोष देण्याचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही. पाणी वाढते ते सांगून वाढत नाही; वर डोंगरात पाऊस पडतो, खाली ऊन असते, आणि घटकाभरात पायाखालचा दगड नाहीसा होतो. परंतु जे आपण अजून जिवंत आहोत त्यांनी विचार केला पाहिजे की धबधब्याकडे पाठ करून, हातातील दूरध्वनीत आपलेच मुख पाहत, मागे मागे सरकण्याची ही जी रीत पडली आहे ती कोणत्या प्रकारचे पाहणे आहे.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात विद्या पूर्ण करून आलेल्या तरुणाने कसे वागावे याचे नियम आहेत. त्यात एक लहानसा नियम असा की पाण्यात आपले प्रतिबिंब न्याहाळू नये. पुढे त्याच अध्यायात पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये असेही सांगितले आहे. दुसऱ्या नियमाचे कारण उघड आहे. पहिल्याचे कारण मला लहानपणी कळत नसे. आता असे वाटते की जो पाण्यात आपल्यालाच पाहतो त्याला पाणी दिसत नाही, आणि ज्याला पाणी दिसत नाही तो त्यात थुंकावयास मोकळा होतो. दोन्ही नियम एकाच नियमाची दोन टोके आहेत. (याच ग्रंथातील जन्मभेदाचे नियम आपण टाकून दिले आणि ते टाकणे योग्यच झाले, हेही येथेच सांगितले पाहिजे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकरांनी ओंजळीत घेतले, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला त्याच गावी तो ग्रंथ अग्नीच्या स्वाधीन केला. पाण्याजवळ कोणी जावे हे जन्मावरून ठरविणारा समाज पाण्याला पवित्र म्हणत होता, यासारखी विसंगती शोधूनही सापडणार नाही.)

या कंसातील गोष्टीमुळे पुढचा प्रश्न अधिक अवघड होतो. अलीकडे पुष्कळ धबधब्यांवर जाण्यास बंदी येते. 2023 च्या जुलैमध्ये दूधसागरकडे रुळांवरून चालत जाणाऱ्या शेकडो लोकांना रेल्वे पोलिसांनी अडविले, आणि गोव्यात अभयारण्यांतील धबधब्यांवर त्याच महिन्यात प्रवेशबंदी झाली. आपल्याकडे भीमगड 2011 साली अभयारण्य झाले. त्यातील पाण्याकडे वनखात्याच्या अनुमतीवाचून जाता येत नाही. तरुण मित्र विचारतात, "निसर्ग सर्वांचा आहे, मग आम्हाला अडविणारे हे कोण? देवळात कोणाला अडविले की तुम्ही त्याला अधर्म म्हणता, आणि रानात अडविले की शिस्त म्हणता!" हा आक्षेप चतुर आहे, आणि त्याला झटकून टाकू नये. त्याचे उत्तर माझ्या मते असे की अडविणे दोन प्रकारचे असते. एक, तू अमुक कुळात जन्मलास म्हणून येऊ नको. हे अडविणे मनुष्याचा अपमान आहे, कारण जन्म बदलता येत नाही. दुसरे, आज पाणी चढले आहे म्हणून येऊ नको, किंवा हे पिलांचे दिवस आहेत म्हणून येऊ नको. हे अडविणे वेळेचे व वर्तनाचे आहे, आणि ते सर्वांना सारखे आहे. देवळातही देवाच्या शेजारतीनंतर दार बंद होते. तेव्हा सावकार बाहेर उभा राहतो आणि भिकारीही. मात्र ज्या दिवशी रानाचे दार गरीब पायी जाणाऱ्यास बंद आणि पैसेवाल्याच्या मोटारीस उघडे असे होईल, त्या दिवशी ते पहिल्या प्रकारचेच अडविणे ठरेल, आणि माझे हे उत्तर मी मागे घेईन.

आता वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाकडे येतो, कारण त्यांनाही मोकळे सोडणे न्याय्य होणार नाही. ते म्हणतात की धबधब्याकडे जाणे भोग आहे. पण पाण्याकडे केवळ उपयोगाच्या दृष्टीने पाहणे ही भक्ती आहे काय? गोकाकला घटप्रभा सुमारे 170 फूट खाली पडते. त्या पडण्याच्या बळावर तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूतगिरणी चालू झाली, आणि त्याच कड्यावर कितीतरी शतकांपूर्वीचे महालिंगेश्वराचे चालुक्य धाटणीचे देऊळही आहे. एकाच पाण्याने एकाला शक्ती दिसली, दुसऱ्याला शंकर दिसला. मला गिरणीचा तिटकारा नाही. तिने कित्येक घरांच्या चुली पेटविल्या. म्हादईच्या बाबतीत तर पाणी पाहणे जवळजवळ थांबलेच आहे. लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकास 13.42 टीएमसी, गोव्यास 24 टीएमसी आणि महाराष्ट्रास 1.33 टीएमसी पाणी दिले. तेव्हापासून तीन राज्यांतील माणसे त्या नदीचे नाव काढताना आकडाच सांगतात. जो तहानलेला आहे त्याने पाण्याचा आकडा विचारणे यात अधर्म नाही. तहान हाही एक प्रकारचा जप आहे. तथापि वज्रपोह्याला जी मुले भिजत उभी राहतात त्यांना निदान ती नदी आहे हे ठाऊक असते, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

असो. माझे खरे सांगणे गोडचिनमलकीच्या परतीच्या वाटेवरचे आहे. तेथे शेळ्या राखणारे एक वृद्ध गृहस्थ दगडावर बसले होते. त्यांनी कानडीत विचारले, "याव ऊरु?" आमच्यातील एकाने गावाचे नाव सांगितले. बेळगावपलीकडचे, मार्कंडेयाच्या काठचे, असेही सांगितले. ते थोडे हसले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही वापरून सोडलेले पाणी पाहावयास तुम्ही इतक्या लांब आलात. आम्ही ते पितो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एका गावाने दुसऱ्या गावाला जेवण झाले का म्हणून विचारावे तितक्या सहजतेने ते म्हणाले. आम्हाला मात्र पुढील अर्धा मैल कोणालाच बोलवेना.

त्या वाक्याने माझ्या मनातील प्रश्नाची मांडणीच बदलली. आजवर मी असे धरून चाललो होतो की पवित्र स्थळ म्हणजे धबधबा आणि आपण तेथे यात्रेकरू. पण नदी ही एकच वस्तू आहे. गोडचिनमलकीला जे पाणी आपल्याला नतमस्तक करते ते काही दिवसांपूर्वी आपल्या गावच्या पुलाखालून गेलेले असते, आणि त्या वेळी त्याच्याकडे कोणी पाहिलेलेही नसते. उन्हाळ्यात येथे पात्रात पाण्याऐवजी डबकी उरतात. शहराच्या बाजूने येणारे ओढे काळे पाणी आणतात. पुलाच्या कठड्यावरून पिशव्या खाली पडतात. उंचावरून पडले म्हणून पाणी देव होते आणि सपाटीवर वाहिले म्हणून गटार होते, असा कोणता शास्त्रार्थ आहे? धबधबा हा नदीचा उत्सव आहे हे खरे. परंतु उत्सवाच्या दिवशी देवाला हार घालावयाचा आणि इतर दिवशी त्याच्या गाभाऱ्यात कचरा टाकावयाचा, हे जो करतो त्याला आपण भक्त म्हणणार नाही.

येथेच पाहणे आणि दर्शन घेणे यांतील भेद मला स्पष्ट झाला. पाहणारा परत येतो तेव्हा त्याचे काम संपलेले असते. त्याच्याजवळ आठवण उरते, छायाचित्र उरते. दर्शन घेतलेल्या मनुष्याचे काम परत आल्यावर सुरू होते. वारकरी पंढरीहून आल्यावर गळ्यातील माळ उतरवीत नाही. ती माळ त्याला रोज काही गोष्टी करू देत नाही, आणि त्या न करण्यातच त्याची वारी वर्षभर चालते. धबधब्याचे दर्शन ज्याने खरोखर घेतले त्याच्याही गळ्यात अशी एखादी माळ पडली पाहिजे. तरुणांपैकी किती जणांच्या गळ्यात ती पडते, हे मी सांगू शकत नाही. आमच्या चौघांपैकी एकाने त्यानंतर शेतातील औषधाचे रिकामे डबे ओढ्यात धुणे बंद केले, आणि तो ते कोणाला सांगत नाही. मला ते त्याच्या धाकट्या भावाकडून कळले.

पण केवळ तरुणांना आणि शेतकऱ्यांना उपदेश करून देवळातील माणसांनी हात झटकावेत, हे मला पटत नाही. नदीत जे पडते त्यात आपल्या पूजेचाही वाटा आहे. निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडावे अशी रूढी आहे. पूर्वी निर्माल्य म्हणजे फुले, पत्री, दूर्वा, बेल. पाण्यात पडले की चार दिवसांत त्याची माती होत असे. आज त्यात नायलॉनचा दोरा असतो, जरीची पट्टी असते, थर्मोकोलची मखर असते, आणि हे सर्व ज्या पिशवीतून आणले ती गाठ मारलेली पिशवीही असते. निर्माल्य पाण्यात का सोडावयाचे? देवाला वाहिलेल्या वस्तूवर कोणाचा पाय पडू नये म्हणून. हा हेतू झाडाच्या बुंध्याशी खड्डा करूनही साधतो. आणि पुलाखाली चिखलात रुतलेल्या पिशवीवर तर गुरांचे पाय पडतात, मग हेतू कोठे राहिला? माझे वडील गेली काही वर्षे हारांतील दोरे काढून फुले देवळामागच्या पिंपळाखालील खड्ड्यात टाकतात, वर माती लोटतात, आणि पावसाळ्यानंतर ते खत तुळशीला घालतात. त्यांनी हे कोणत्या परिषदेत ऐकले नाही. खड्ड्यातील माती काळी आणि भुसभुशीत झाली हे पाहून त्यांनी ते चालू ठेवले.

सर्व भाविकांना हे मान्य आहे असे मात्र नाही. गेल्या गणेशोत्सवात गावातील एका वृद्ध मावशींनी वडिलांना सरळ विचारले, "गुरुजी, माझ्या सासूने निर्माल्य वाहत्या पाण्यातच सोडले, तिच्या सासूनेही तेच केले. आता मी देवाची फुले खड्ड्यात कशी घालू? माझा जीव धजत नाही." वडिलांनी त्यांना शास्त्र सांगितले नाही. त्यांनी विचारले, "तुमच्या सासूबाई सोडीत तेव्हा नदीला पाणी कुठवर असे?" मावशी पुष्कळ वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, शिमग्यापर्यंत तरी घागर बुडत असे, आणि तळाचे खडे दिसत. वडील म्हणाले, "तसे पाणी दाखवा, मी स्वतः तुमचे निर्माल्य सोडून येतो." मावशींनी पिशवी तशीच हातात धरली. त्या दिवशी त्यांनी ती खड्ड्यात घातली नाही आणि पुलावरही नेली नाही. घरी परत नेली. पुढे तिचे काय केले हे त्यांनी सांगितले नाही आणि वडिलांनी विचारले नाही. येत्या चतुर्थीपूर्वी हा विषय मंडळाच्या बैठकीत यावा, आणि त्या बैठकीस मावशींसारख्या स्त्रियांनाही बोलावले जावे, अशी माझी विनंती आहे. निर्माल्याची पिशवी घेऊन पुलापर्यंत जाणारे हात बहुतेक त्यांचेच असतात, आणि खडे दिसणारी नदी ज्यांनी पाहिली आहे अशी माणसेही गावात आता त्याच उरल्या आहेत.